कमरेचा दोर



मागच्या महिन्यात याच केंद्रावरून ‘तारिणी’ बोटीची गोष्ट सांगितली होती, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकली असेल. नौदलाच्या दोन अधिकारी, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए., २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून शिडाच्या बोटीतून निघाल्या. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन अशी बंदरं करत पृथ्वीला वळसा घातला आणि २९ मे २०२५ रोजी गोव्यात परत आल्या. बोट ५६ फुटांची. बोटीवर या दोघीच.

कार्यक्रमानंतर गटांकडून फोन आले. आम्हाला वाटलं होतं, वादळाबद्दल विचारतील, लाटांबद्दल विचारतील. पण एका ताईंनी विचारलं, “ते सगळं कळलं हो. पण एवढी मोठी बोट बंदरात आणून धक्क्याला लावायची कशी? आणि बोटीवर एकटीच बाई असेल तर?” केंद्रावरच्या मंडळींनी हा प्रश्न आमच्याकडे पाठवला, कारण आम्ही होडी चालवतो. प्रश्न ऐकून आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हसलो. नेमकं दुखणं धरलं होतं त्या ताईंनी. भर समुद्रात बोटीला जागाच जागा असते. चुकलं तर दहा मिनिटांनी सुधारता येतं. धक्क्यापाशी पुढे बोट, मागे बोट, बाजूला सिमेंट, आणि हातात वेळ किती, तर एक अंक मोजून होईपर्यंत.

आधी आमची ओळख करून देतो. मालवण तालुक्यात कर्ली खाडीच्या काठी आम्ही सहा जणी राहतो. बचत गटातून कर्ज काढून २४ फुटांची फायबरची होडी घेतली. मागे २५ हॉर्सपॉवरचं इंजिन. पर्यटकांना खाडी दाखवतो, पक्षी दाखवतो, कांदळवन दाखवतो आणि परत आणून सोडतो. ऐकायला सोपं वाटतं. फिरवणं खरोखर सोपंच आहे. सोडणं अवघड.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. शनिवार होता, गर्दीचा दिवस. होडीवर नेहमी दोघी असतो, पण त्या दिवशी दुसरीला ताप आला होता आणि आठ पाहुणे धक्क्यावर उभे होते. एकीने एकटीनेच होडी काढली. परवान्यात जेवढी माणसं सांगितली आहेत तेवढी घेतल्याशिवाय सुटायचं नाही, हे माहीत असून काढली. ही आमची पहिली चूक, आणि ती तिची एकटीची नाही, सगळ्यांची होती. कोणीच तिला थांबवलं नाही. आठ तिकिटांचे पैसे आम्हाला सगळ्यांना दिसत होते.

येताना ओहोटी जोरात होती. पाणी समुद्राकडे ओढत होतं आणि होडीही त्याच दिशेने धक्क्याकडे येत होती. म्हणजे मागून पाण्याचा रेटा. धक्क्यावर दोघे जण उभे होते, भले लोक, मदतीलाच उभे. एकाने हाक मारली, “दोरी टाक गो बाय, मी ओढतंय!” तिने होडीच्या पुढच्या टोकाचा दोर टाकला. त्याने तो पकडला आणि जीव खाऊन ओढला. होडीचं पुढचं टोक धक्क्याला आलं, त्याबरोबर मागची बाजू बाहेर फेकली गेली. बाहेर गेलेल्या मागच्या बाजूला ओहोटीने धरलं आणि आख्खी होडी दाराच्या झडपेसारखी फिरली. पुढे एक ट्रॉलर बांधलेला होता. होडी त्याच्यावर जाणार हे दिसल्यावर तिने कुठल्याही बाईने केलं असतं तेच केलं. हात पुढे करून ढकलायला गेली.

पाहुण्यांपैकी कोणाला खरचटलंही नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं होडी आणि ट्रॉलरच्या मध्ये सापडली. ती आज वळत नाहीत. गाकर भाजते, तिकिटाचा हिशेब लिहिते, पण सुईत दोरा ओवायला मुलीला बोलावते.

त्यानंतर गावात जे बोलणं झालं ते तुम्ही न सांगताही ओळखाल. “बायकांनी होडी चालवावी, आमचं काही म्हणणं नाही. पण लावायला एक पुरुष पाहिजे.” आम्हालाही ते पटलं, खोटं कशाला बोला. धक्क्यावर दोर ओढायला एक गडी ठेवला. रोजचे ३०० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७,८०० रुपये. आमच्यातल्या एकीच्याही हातात महिन्याला एवढे पडत नव्हते.

आता त्या मोठ्या बोटीकडे येतो.

आमच्यातल्या एकीचा भाऊ गोव्यात बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डात कामाला आहे. गोव्यात शिडाच्या बोटींचं काम जुनं. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर ‘म्हादेई’ बांधली गेली. तीच बोट घेऊन दिलीप दोंदे २००९-१० साली एकट्याने पृथ्वीभोवती फिरून आले, असं करणारे ते पहिले भारतीय. भावाच्या ओळखीने आमच्यापैकी तिघी चार दिवस तिकडे जाऊन राहिलो. तिथे एक शिडाची बोट सांभाळणारे काका होते, मूळचे आमच्याच बाजूचे, मालवणीत बोलणारे. बोट ४० फुटांची, वजन साधारण नऊ टन. आमच्या होडीच्या वजनाच्या आठ-दहा पट. डोलकाठी नारळाच्या माडाएवढी उंच. आणि काका एकटेच ती नदीतून आणून धक्क्याला लावायचे. वय पासष्टच्या पुढे, अंगाने आमच्यातल्या सगळ्यात बारीक बाईपेक्षाही बारीक.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला बोटीच्या मधोमध बसवलं आणि म्हणाले, “काय्येक करू नको. नुसती बसा.” आम्ही नाहीच असं समजून ते बोट लावून दाखवणार होते.

धक्क्यावर एका ओळीत बोटी बांधलेल्या. त्यांच्यामध्ये एक रिकामी जागा, पन्नास फुटांची. तिच्यात ४० फुटांची बोट घालायची. पुढे पाच फूट, मागे पाच फूट. एसटी स्टँडवर दोन गाड्यांच्या मध्ये तिसरी गाडी आडवी सरकवत आणावी तसं. पण एसटीला ब्रेक असतो आणि खालची जमीन हलत नाही.

शिडाची मोठी बोट लावायला अवघड का, हे काकांनी आधी समजावलं. बोटीच्या पोटाखाली पाण्यात एक जड पातं असतं, बोट कलंडू नये म्हणून. त्यामुळे वजन फार, आणि एकदा गती आली की थांबता थांबत नाही. वर डोलकाठी आणि उंच अंग, त्यामुळे शीड उतरवलेलं असलं तरी वारा बोटीला ढकलतोच, आणि वेग कमी झाला की पहिल्यांदा पुढचं टोक वाऱ्यावर जातं. सुकाणू काम कधी करतं? त्याच्यावरून पाणी वाहत असेल तेव्हाच. पाणी थांबलं की सुकाणू म्हणजे नुसती फळी. इंजिनाचा पंखा पोटाखाली एका जागी पक्का बसवलेला, आमच्या इंजिनासारखा वळत नाही. रिव्हर्स टाकला की बोट सरळ मागे न जाता मागच्या बाजूने आडवी सरकते. त्यांची बोट डावीकडे सरकायची. म्हणून काका शक्य असेल तेव्हा धक्का डाव्या हातालाच घ्यायचे. म्हणजे थांबायला रिव्हर्स टाकला की बोट आपसूक धक्क्याला बिलगते. बोटीची खोड मोडायची नाही, तिच्याकडून काम करून घ्यायचं. आमच्यातली एक लगेच म्हणाली, “म्हणजे आमच्या सासूबाईंसारखं.” काका हसले नाहीत. त्यांचं लक्ष पाण्याकडे होतं.

आणि मग त्यांनी काय केलं? काहीच केलं नाही. धक्क्यापासून लांब, नदीच्या मध्यावर बोट थांबवून ठेवली आणि अर्धा तास तिथेच.

खरं तर केलं ते तिथेच. बोटीच्या दोन्ही बाजूंना रबरी गाद्या लटकवल्या. आपण जुने टायर लावतो त्याच कामाच्या. धक्का डावीकडे येणार होता तरी उजवीकडेही लावल्या, कारण ऐनवेळी दुसऱ्या बाजूने जावं लागलं तर तेव्हा कोण लावणार? मग पुढचा दोर, मागचा दोर आणि मधला दोर, तिन्ही गुंडाळून, गाठ बघून, बोटीच्या कडेला जे तारेचं कुंपण असतं त्याच्या बाहेरून फिरवून, स्वतः उभे राहतात तिथपर्यंत आणून ठेवले. कुंपणाच्या आतून दोर गेला असता तर धक्क्यावर टाकल्यावर तारेतच अडकला असता. आम्ही तो हमखास आतून घेतला असता. घरी चूल पेटवायच्या आधी तांदूळ निवडून ठेवतो की नाही? फोडणी तडतडायला लागल्यावर कोणी लसूण सोलायला बसत नाही. एकट्या माणसाला पुढे पळून दोर टाकायचा, मागे पळून इंजिन बघायचं, असं करता येत नाही. त्याने उभं राहायचं एकाच जागी, आणि सगळं तिथे हाताशी आणून ठेवायचं.

मग बोट न्यूट्रलमध्ये टाकून ते नुसते बघत राहिले. आपण हात लावला नाही तर बोट कुठे जाते? वारा कुठून, पाणी कुठे? आम्हाला दाखवलं, नांगर टाकलेल्या छोट्या होड्यांची तोंडं कुठे आहेत बघा. पाणी ज्या दिशेने येतं तिकडे तोंड करून त्या उभ्या राहतात. झेंडा वारा सांगतो, होड्या पाणी सांगतात. दोन्हींत जो जोरदार असेल त्याच्या समोरून जायचं, त्याला पाठ द्यायची नाही. आम्ही तिघी गप्प झालो. आमची होडी त्या दिवशी पाण्याला पाठ देऊनच आली होती.

ओहोटी चालू होती. काकांनी बोट वळवून पाण्याच्या समोर तोंड केलं आणि मग एक गंमत दाखवली. समोरून येणाऱ्या पाण्याला बरोबर तोलेल इतकंच इंजिन चालू ठेवलं. बोट धक्क्याच्या मानाने जागच्या जागी उभी. पण सुकाणूवरून पाणी मात्र वाहतंय, म्हणून सुकाणू जिवंत. आता पुढचं टोक जरासं, चार बोटं म्हणा, धक्क्याकडे वळवलं. पाण्याने बोटीला बाजूने रेटलं आणि ती न पुढे जाता, न मागे जाता, खेकड्यासारखी आडवी धक्क्याकडे सरकू लागली. ज्या पाण्याला आम्ही वैरी समजत होतो ते पाणीच तिला त्या पन्नास फुटांच्या फटीत नेऊन ठेवत होतं. ओहोटीत उलट तोंडाने आलं की पाणी होडी फिरवून टाकतं, आणि सामोरं गेलं की तेच आवरून धरतं. पाणी थांबलेलं असेल, वाराही नसेल, तेव्हा अर्थात ही मदत नाही. तेव्हा फक्त हळू जायचं. किती हळू? काका म्हणाले, धडकलीच तर नुसती गादी दबली पाहिजे, बोटीवरच्या चहाच्या कपातला चहा सांडता कामा नये.

आता येतो कमरेच्या दोरावर. आजच्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच, तेव्हा भांडी घासत असाल तर क्षणभर नळ बंद करा.

मुलांच्या दप्तरातली लांब पट्टी घ्या. जमिनीवर ठेवा. एका टोकाला दोरा बांधा आणि तो दोरा आडवा, पट्टीला काटकोनात, झटकन ओढा. ओढलेलं टोक तुमच्याकडे येईल, पण दुसरं टोक लांब जाईल. आता दोरा पट्टीच्या मधोमध बांधून ओढा. आख्खी पट्टी सरळ तुमच्याकडे येईल. आमच्या होडीचं त्या दिवशी काय झालं ते या पट्टीत सगळं आहे. धक्क्यावरच्या भल्या माणसाने टोक ओढलं.

म्हणून एकट्याने बोट लावताना पहिला दोर कमरेचा. बोटीच्या मध्यावर जी दोर बांधायची खुंटी असते, तिथून निघालेला. काकांची बोट धक्क्यापासून हातभर अंतरावर आली तेव्हा त्यांनी उभ्या जागेवरून त्या दोराचा फास धक्क्यावरच्या खुंटावर घातला. खुंट कमरेच्या थोडा मागे होता. उडी मारली नाही, पळाले नाहीत. मग दोर बोटीवर आवळून बांधला, इंजिन अगदी हळू पुढच्या गिअरमध्ये टाकलं आणि सुकाणूचं चाक धक्क्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे बाहेर, वळवून ठेवलं. बोट पुढे जायला बघते, दोर तिला जाऊ देत नाही. दोर मागे ओढतो आणि धक्क्याकडेही ओढतो. सुकाणू बाहेर वळवलेलं, त्यामुळे पंख्याचं पाणी मागच्या बाजूला धक्क्याकडे दाबतं. दावणीला बांधलेलं वासरू पुढे ओढ घेतं आणि दावं ताणून एका जागी उभं राहतं ना, तसं. नऊ टनांची बोट एका दोरावर धक्क्याला चिकटून उभी राहिली. इंजिन चालूच. काका म्हणाले, “आता चाय पिया.” आणि खरंच प्यायले. मग निवांत उतरून पुढचा दोर बांधला, मागचा बांधला, आणि शेवटी इंजिन बंद केलं.

त्यांच्या अंगातली ताकद किती लागली? दोर उचलायला लागली तेवढीच. नऊ टन माणसाने ओढायचे नसतातच. काय तो पुरुष, काय ती बाई. तिथे चार गडी असते तरी वाऱ्यावर निघालेली ती बोट त्यांनी हाताने धरली नसती. आम्ही इतके दिवस ७,८०० रुपये ज्या ताकदीसाठी देत होतो ती ताकद मुळात लागतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुकाणू आमच्या हातात दिलं. पहिल्या वेळी जागेजवळ आलो आणि मागच्या बोटीकडे सरकायला लागलो. काका शांतपणे म्हणाले, “परत फिर.” आम्हाला वाटलं, अजून एकदा इंजिन दाबलं तर जमेल. ते पुन्हा म्हणाले, परत फिर. फिरलो. दुसऱ्या वेळीही फिरलो. तिसऱ्या वेळी फास खुंटावर बसला. फास घालायची त्यांची एक युक्ती सांगायलाच हवी. दोराचा फास लिबलिबीत असतो, टाकला की मिटतो. काकांनी फासाच्या दोराला बागेला पाणी घालायच्या नळीचा हातभर तुकडा ओवला होता. त्यामुळे फास कढईच्या कड्यासारखा उघडा राहतो आणि लांबूनही खुंटावर घालता येतो. वीस रुपयांचं काम.

परत फिरण्याबद्दल एक बोलतो. गावात धक्क्यावर माणसं बसलेली असतात. होडी जागेजवळ आणून परत बाहेर नेली की हसतात. स्कूटर लावताना दोनदा मागे-पुढे केली तरी हसतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्या हसण्याला घाबरून बाई नको तिथे रेटून नेते. आम्ही आता ठरवलंय, जागेत शिरायच्या आधी बाहेर पडायची वाट कुठली ते एकमेकींना मोठ्याने सांगायचं. धक्क्यावरच्यांना ऐकू गेलं तरी चालेल.

घरी आल्यावर पहिली अडचण ही की आमच्या होडीला कंबरच नव्हती! म्हणजे दोर बांधायच्या कड्या पुढे होत्या, मागे होत्या, मध्ये काहीच नाही. मालवणच्या फायबर कारागिराकडून मध्यावर दोन्ही बाजूंना खुंट्या बसवून घेतल्या, आतून लोखंडी पट्टी देऊन, नाहीतर ताण आला की फायबरसकट उपटून येतात. १,८०० रुपये लागले. दोर नायलॉनचा घेतला. तो ताणला की थोडा लांबतो, धक्का सोसतो. स्वस्त निळा दोर उन्हात कुसतो. कमरेचा दोर मुद्दाम आखूड ठेवला, पाण्यात पडला तरी इंजिनाच्या पंख्यापर्यंत पोहोचणार नाही इतका. पंख्यात दोर गेला की त्या क्षणाला इंजिन गेलं, आणि ते नेमकं धक्क्याजवळच जातं. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणारीच्या मनगटाला, हे तर पहिल्यापासून होतंच.

आमचं इंजिन हँडलचं आहे, चाकाचं नाही. ज्या मैत्रिणींकडे तसंच असेल त्यांच्यासाठी, कमरेचा दोर लागल्यावर हँडल धक्क्याकडे ढकलायचं. उलटं वाटतं, पण होडीचा मागचा भाग धक्क्याला दाबला जातो. पहिले चार दिवस आम्ही हमखास चुकायचो.

सराव पाणी थांबतं त्या वेळेला केला, भरती पूर्ण होऊन ओहोटी लागायच्या आधी. धक्क्यावर नाही, खाडीत दोन रिकामे प्लॅस्टिकचे ड्रम नांगरून त्यांच्यामध्ये. ड्रमला धडकलं तर ड्रम नुसता डुलतो. प्रत्येकीने तीस वेळा. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या, ज्यांना आम्ही आक्का म्हणतो, त्यांनी चाळीस वेळा केलं, कारण त्यांचा मोजण्यावर विश्वास नाही. मग ओहोटीत, पाण्याला सामोरं जाऊन. त्यासाठी आम्हाला धक्क्याच्या खालून वळसा घालून यावं लागतं, तीन-चार मिनिटं जास्त जातात, थोडं पेट्रोल जास्त जातं. जाऊ दे.

हात मध्ये घालायचा नाही, पायही नाही. हे आम्ही होडीत रंगाने लिहून ठेवलंय. होडी ट्रॉलरवर जात असेल तर जाऊ द्यायची. फायबर दुरुस्त होतं. ताण आलेला दोर हाताला गुंडाळून धरायचा नाही, खुंटीला दोन वेढे द्यायचे. दोन वेढ्यांनंतर दोराचं घासणंच ओझं पेलतं, आपण फक्त शेपूट धरायचं.

सगळ्यात अवघड काय गेलं म्हणाल तर मदतीला नको म्हणणं. धक्क्यावरची माणसं आपलीच, कोणी दीर, कोणी चुलत सासरे. ते हात पुढे करून उभे असतात. त्यांना “ओढू नका” कसं म्हणायचं? आम्ही एक वाक्य पाठ केलंय, तेच प्रत्येक वेळी म्हणतो, “भाऊ, फास खुंटात घाला आणि हात सोडा.” काम सांगितलं की माणूस रागावत नाही. आणि पुढच्या टोकाचा दोर आम्ही त्यांना दिसेल असा ठेवतच नाही. नसेल तर ओढणार काय!

गड्याचं काय केलं, तर त्याला काढलं. यावर आमच्या गटात अजून भांडण आहे. तो गरीब घरचा मुलगा, दोन वर्षं इमानदारीने उभा राहिला. दोघींचं म्हणणं होतं, त्याला होडीवरच दुसरा माणूस म्हणून घ्या. बाकीच्यांचं म्हणणं, मग आपल्यातल्या कोणाचा दिवस कापायचा? तो आता एका ट्रॉलरवर जातो. भेटला की बोलतो, पण पूर्वीसारखं नाही.

हे सगळं शिकलो म्हणून आम्ही एकट्या जातो का? नाही. होडीवर दोघी असल्याशिवाय सुटत नाही, गर्दी असो, काही असो. पण त्या दोघींपैकी प्रत्येकीला एकटीने होडी लावता आली पाहिजे, कारण दुसरीला मध्येच चक्कर येऊ शकते, एखादं मूल पाण्याकडे धावू शकतं आणि तिला ते धरायला लागतं. जिची बोटं गेली ती दीड वर्ष होडीत बसलीच नाही. घरून परवानगी नव्हती, आणि तिलाही नको होतं. मागच्या गणपतीनंतर एक दिवस सरावाच्या वेळी आली, ड्रमच्या मधून एकदा होडी घातली आणि काही न बोलता घरी गेली. आता आठवड्यातून दोन दिवस इंजिनाला बसते. फास डाव्या हाताने टाकते. आमच्यापेक्षा नेम चांगला आहे तिचा.

अजून एक राहिलं, भरती-ओहोटीचं. धक्का जागेवर राहतो, होडी वर-खाली होते. भरतीला दोर आखूड बांधून घरी गेलात तर ओहोटीला होडी दोराला लटकलेली सापडेल, नाहीतर खुंटी उपटून गेलेली. पुढचा आणि मागचा दोर लांब, तिरका सोडायचा, म्हणजे पाण्याबरोबर उतरायला त्याला वाव राहतो. भांगाच्या दिवसांत पाणी फार हलत नाही, थोडी चूक खपते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खपत नाही.

उद्या अमावास्या आहे. आमच्यातल्या दोघी हे बोलणं चालू असतानाच घड्याळाकडे बघायला लागल्या आहेत, कारण दुपारी बांधलेले दोर अजून सैल करायचे आहेत. तेव्हा आता निघतो. ज्या ताईंनी प्रश्न विचारला त्यांनी मालवणला आल्यावर धक्क्यावर यावं, पट्टीऐवजी होडीवरच दाखवू. नमस्कार.